गाडी मोडली, लेक भेटली
निवृत्तीनंतर गाडीतच संसार थाटून फिरणाऱ्या जोडप्यांवरचा लेख आवडला, पण दुरुस्तीबद्दल दोनच ओळी? खरी गंमत तर तिथेच आहे!

आम्ही भुसावळचे. मी रेल्वेतून निवृत्त झालो नि जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. गेल्या हिवाळ्यात तोरणमाळचा घाट उतरलो आणि शहाद्याच्या अलीकडे मागचा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी स्प्रिंग, तुटला. मिस्तरी खाली वाकून बघतो आणि विचारतो, "काका, घर हलवताय का?" चूक माझीच. २०० लिटरची टाकी काठोकाठ, म्हणजे २०० किलो एकाच अंगाला. आता घाटात टाकी निम्मीच ठेवतो.

नवा पाटा धुळ्याहून यायला दोन दिवस लागले. लेक शिरपूरला दिलेली. ती पोरांसकट गॅरेजवरच आली, डब्यात भरीत नि कळण्याची भाकरी. पोरं जॅकवरच्या गाडीत चढायला बघत होती, मी ओरडत होतो, आमची ही मात्र मिस्तरीलाही भाकरी वाढत होती. एरवी दिवाळीशिवाय लेक कुठली भेटते!

एक राहिलं. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीचं पाणी दर पंधरवड्याला बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.