आत्याशी निदान भांडता तरी येतं

सकाळी डोळे उघडायच्या आत ऑनलाइन चित्रपट विकणाऱ्या कंपनीचा मेल. परवान्याची मुदत संपत असल्यामुळे अमुक चित्रपट 'आपल्या लायब्ररीतून' काढला जाईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपल्या म्हणे! पूर्ण पैसे मोजून घेतलाय हो, भाड्याने नाही आणलेला. भरपाई म्हणून कूपन दिलंय, तेही त्यांच्याच दुकानात खर्च करायचं.

हाच चित्रपट माझ्याकडे डीव्हीडीवर होता. ती आत्याने नेली. "दोन दिवसांत देते गं" म्हणाली आणि डिस्क जी गेली ती गेलीच. भेटेल तेव्हा मी विषय काढायचे, ती "आहे गं कपाटात" म्हणून उडवून लावायची. शेवटी वैतागून मी डिजिटल घेतला. एक क्लिक, काम झालं.

आणि आता हे. बरं, हे माझ्या एकटीच्या नशिबी नाही. सोनीच्या प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्राच्या ऑनलाइन दुकानातून जर्मनी-ऑस्ट्रियातल्या लोकांनी विकत घेतलेले स्टुडिओकनाल या फ्रेंच कंपनीचे चित्रपट 31 ऑगस्ट 2022 ला काढून टाकले. डिसेंबर 2023 मध्ये प्लेस्टेशनवरच्याच डिस्कव्हरीच्या विकत घेतलेल्या मालिका जाणार अशी सूचना निघाली. लोकांनी बोंबाबोंब केली, नवा करार झाला आणि मालिका राहिल्या. किती दिवस? किमान 30 महिने! विकत घेतलेल्या वस्तूला एक्स्पायरी डेट!! कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदा आलाय, मालकी नव्हे, नुसता बघायचा परवानाच विकताय तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा म्हणून. छान. म्हणजे आता सांगून काढून घेणार.

आत्याने शेवटी एकदाची डिस्क परत दिली ती जुन्या रुमालात गुंडाळून. कव्हर गायब, वर मधून कडेपर्यंत सरळ चरा. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण लावली तर एका ठिकाणी क्षणभर अडखळली आणि पुढे चालू लागली. तसा आडवा चरा प्लेअर बहुतेक वेळा निभावून नेतो, ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला घात करतो. तेव्हा गंमत बघा, आज तो चित्रपट माझ्या घरात आहे तो माझ्या वेंधळ्या आत्याच्या कृपेने. तिच्या कपाटाला परवान्याची मुदत नव्हती.

हो, मान्य आहे, डिस्क जागा खातात, काही डिस्कच्या आतला थर खराब होऊन त्या पडल्या पडल्या मरतात, आणि ओप्पोसारख्या चांगले प्लेअर बनवणाऱ्या कंपनीने 2018 मध्येच त्या धंद्यातून गाशा गुंडाळला. प्रवासात फोनवर बघायला डिजिटलच बरं. झालं समाधान?

पण "चित्रात काय फरक पडतो" हे मला कोणी सांगू नका. फोर-केच्या, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या ब्लू-रे डिस्कवर 100 जीबीपर्यंत मावतं. स्ट्रीमिंगवर तोच चित्रपट 15-20 जीबीत कोंबतात. एखादा रात्रीचा प्रसंग दोन्हीकडे लावून बघा. एकीकडे अंधार दिसतो, दुसरीकडे काळे-करडे चौकोन नाचतात. आणि डिस्क लावताना नेट चालू आहे का, पासवर्ड कुठला, कंपनीचा आज मूड कसा आहे, काही बघावं लागत नाही.

खरा राग मला वेगळाच आहे. आत्याने डिस्क अडकवली तेव्हा मी तिच्यावर चिडू शकत होते, फोन करू शकत होते, काकांकडे तक्रार करू शकत होते. ती ओशाळायची तरी! या मेलला उत्तर द्यायला गेले तर खाली लिहिलंय, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

असो. चालू स्थितीतला ब्लू-रे प्लेअर कोणाकडे धूळ खात पडला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मला हवाय. आणि आत्या, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. दुसरी डिस्क पण तुझ्याकडेच आहे.