जिवाणू मस्टर्ड गॅस ‘खातात’ का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मस्टर्ड गॅसचे साठे संपवायला जिवाणू मदत करतात, या माझ्या लेखावर तुम्ही कडक लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मस्टर्ड गॅस (नावात गॅस असला तरी कातडी भाजून फोड आणणारं, तेलकट द्रवरूप युद्धविष) पेशीतल्या डीएनएवरच घाव घालतो, मग जिवाणू त्यातून वाचतील कसे? ते इतके गुणी असते, तर दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात बुडवलेला मस्टर्ड मच्छीमारांना अजून का भाजतो? सरळ भट्टीत जाळावं, जिवाणूंचं कौतुक कशाला?

डीएनएचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. म्हणूनच जिवाणूंपुढे मस्टर्ड ठेवतच नाहीत. आधी त्याला गरम पाण्याने मोडतात. रेणूच्या दोन टोकांना क्लोरीन असतो आणि खरी नांगी तिथेच असते. पाण्याशी अभिक्रिया झाली की क्लोरीन सुटतो, आम्ल तयार होतं आणि मागे थायोडायग्लायकॉल उरतं. हे पाण्यात सहज विरघळतं आणि मस्टर्डच्या मानाने फारच कमी विषारी असतं. अल्कॅलिजेनेस, स्यूडोमोनास अशा कुळांतले काही जिवाणू त्यावर वाढतात. त्यातला कार्बन ते वापरतात, गंधकाचं शेवटी सल्फेट होतं.

मग पाण्यावरच का थांबायचं नाही? कारण थायोडायग्लायकॉलपासून पुन्हा मस्टर्ड बनवता येतो. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत त्याचं नाव आहे ते त्यामुळेच. पाणी शस्त्र मोडतं, पण त्याचा कच्चा माल शिल्लक ठेवतं. तो जिवाणू संपवतात. माझ्या लेखाचा सगळा जीव या दुसऱ्या पायरीत होता.

आता बाल्टिक. मस्टर्ड साधारण १४ अंशांखाली गोठतो (आपल्या नागपुरात जानेवारीच्या पहाटेसुद्धा तो घट्टच राहील) आणि पाण्यात फार थोडा विरघळतो. समुद्रतळाच्या गारव्यात त्याचा गोळा होतो. पाणी फक्त पृष्ठभागाला भिडतं, तिथे अर्धवट मोडलेले रेणू उरलेल्या मस्टर्डशीच जोडले जाऊन चिवट कवच तयार करतात, आणि आतलं विष दशकानुदशकं जसंच्या तसं राहतं. जाळ्यात तो गोळा येतो, कवच फुटतं, हात भाजतात. आत पाणीच पोचलं नाही, तर जिवाणूंच्या वाट्याला काय येणार? कारखान्यात पाणी सुमारे ९० अंशांपर्यंत तापवून जोरात ढवळतात, ते हे कवच धरू नये म्हणूनच.

भट्टीने काम होतं, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत युटातल्या टुएल इथे मस्टर्ड जाळूनच संपवला. पण धुराड्यातून काय बाहेर पडेल, ही शेजारी राहणाऱ्यांची भीती मला रास्त वाटते. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथे बहुतेक साठा पाणी आणि जिवाणू याच वाटेने गेला. २०१६ ला सुरू झालेलं ते काम जून २०२३ मध्ये पुरं झालं, सुमारे २,६०० अमेरिकी टन. आपल्या देशाचा जाहीर केलेला साठाही हजार टनांच्या वर होता. तो २००९ मध्ये संपला.

‘नागपूरकराला याचं काय?’ असंही तुम्ही शेवटी विचारलंत. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं. तिथेही घाण पचवण्याचं काम जिवाणूच करतात, आणि अशाच सांडपाण्याच्या गाळातले जिवाणू हळूहळू सवय लावून थायोडायग्लायकॉलवर वाढवता येतात. ज्या शहरात नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून उभी आहे, तिथल्या पोरांना हे शाळेतच कळावं असं मला मनापासून वाटतं. लेख मी त्यांच्यासाठीच लिहिला होता.