आत्याच्या गोळ्या बंद करायला निघालेला फॉरवर्ड

'बायपोलर हा आजारच नाही, औषध कंपन्यांनी मांडलेलं दुकान आहे' असा लांबलचक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं. पण माझी आत्या बायपोलरसाठी, म्हणजे उन्माद (बेफाम अतिउत्साह) आणि नैराश्य आळीपाळीनं येणाऱ्या आजारासाठी, कैक वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर आहे आणि काल तिचा फोन आला, "खरंच बॅटरीतलं विष खातेय का गं मी?"

तर आधी बॅटरी. तिच्यात लिथियम असतं, हे खरं; पण गोळीत असतो तो लिथियम कार्बोनेट नावाचा क्षार. सोडियम धातू पाण्यात टाकला की पेट घेतो, म्हणून सोडियमचाच क्षार असलेलं मीठ आमटीत घालायचं कुणी थांबत नाही.

खरा संताप येतो तो पुढच्या सल्ल्याचा: 'गोळ्या बंद करा आणि साठलेलं लिथियम बाहेर पडावं म्हणून सात दिवस मीठ सोडा.' अहो, शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं! कालपर्यंत गोळी घेणाऱ्याचं लिथियम यानं निघायचं सोडून अडून बसेल. आणि कुणी गोळी चालू ठेवून नुसतं मीठ सोडलं, तर लिथियम रक्तात चढत जाईल: उलट्या, जुलाब, हात थरथरणं, तोल जाणं, शेवटी बेशुद्धी. हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जायचं. काहीजण दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमनं गुण आल्याचं प्रसिद्ध केलं. विष आहे का? जास्त झालं तर आहेच. म्हणून तर रक्तातली पातळी, थायरॉइड आणि (मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून) क्रिएटिनिन तपासत राहतात. आणि गोळी एकदम तोडली तर उन्माद उलटण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

'रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, म्हणजे थोतांड.' मायग्रेन तरी कुठे दिसतं? आठवडाभर झोपेची गरजच न वाटणं, अखंड बडबड, बेफाम खर्च, हे घरच्यांना दिसतं. तपासणी लागत नाही. निदानाच्या सीमारेषेवर वाद आहेत, हे कबूल. २०१३ मध्ये डीएसएम-५ नं, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकानं, नैराश्याच्या निकषांतून शोकाचा अपवाद (जवळचं माणूस गेल्यावरच्या दुःखाला लगेच आजार न धरण्याची सूट) काढला, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनीच आरडाओरडा केला होता.

सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी पडल्यानं नैराश्य येतं ही थाप आहे, असंही मेसेज म्हणतो; तिथे तो अर्धा खरा आहे, नाइलाजानं म्हणते. सेरोटोनिन कमी झाल्यानं नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. पण तो आढावा नैराश्याच्या कारणाबद्दल होता, लिथियमबद्दल नव्हे. आणि कारण नीट न उमगलेल्या औषधानंही गुण येतो.

'गोळ्यांऐवजी सूर्यनमस्कार' म्हणे? घाला की. आत्याही रोज फिरायला जाते, गोळी घेऊन.

तिला एवढंच सांगितलं: मीठ नेहमीइतकंच, पाणी नेमानं, आणि गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लिथियम त्यानंही चढतं.