गुलाब खटकतो, आडवी झालेली केळी नाही

मे महिना लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरलेलं: ‘आपल्या वादळांना पाकिस्तान नावं देतो आणि आपण मुकाट ऐकून घेतो.’ खाली पुरावा म्हणून २०२१ चं गुलाब, २०२४ चं अस्ना. यंदा रावेरच्या चुलतभावाने वर जोडलं, ‘अमेरिकेत करून दाखवा म्हणा!’ अमेरिकेचं नाव निघालं की ह्यूस्टनमधून मला तोंड उघडावंच लागतं.

बाबांनो, अटलांटिकची यादीही एकट्या अमेरिकेची नाही. जागतिक हवामान संघटनेच्या ज्या समितीत ती ठरते, तिथे मेक्सिको बसतो, क्यूबासुद्धा बसतो. आपल्याकडची, म्हणजे उत्तर हिंदी महासागराची, २०२० ची यादी तर सरळ हिशोबाची आहे: १३ देश, प्रत्येकाची १३ नावं, एकूण १६९, देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी पाळी. आणि नाव जाहीर कोण करतं? दिल्लीचं आपलंच हवामान खातं. आपण दिलेलं ‘गती’ २०२० मध्ये सोमालियावर गेलं, ‘तेज’ २०२३ मध्ये येमेनवर. मग येमेनच्या माणसाने आपल्याला काय म्हणावं? इथे तर १९५३ पासून वादळांना फक्त बायकांची नावं होती. अटलांटिकमध्ये पुरुषांची पाळी यायला १९७९ उजाडलं. त्या मानाने आपली यादी कितीतरी सुसंस्कृत. (हे इथल्या ऑफिसातही मी ऐकवतो. कुणी विचारलेलं नसतं.)

इथे नावाचा संबंध खिशाशी येतो. माझ्या घराच्या पॉलिसीत नाव मिळालेल्या वादळाचा डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला मी स्वतः भरायचा हिस्सा, वेगळा, तोही टक्क्यांत. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने मागचं कुंपण झोपवलं, खर्च डिडक्टिबलच्या आतच बसला, भरला मी.

आता आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे बघा. नाव मिळायला वादळ समुद्रावर असावं लागतं आणि वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचावा लागतो. तापीकाठच्या केळीला जे झोपवतं ते मे-जूनमधलं, दुपारनंतर अचानक उठणारं वादळ. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग, घडाचं वजन वर, वारा कानात शिरावा तसा ओळींमधून शिरतो आणि खोडं मधूनच मोडतात. एका शिवाराची बाग आडवी, बांधापलीकडची उभी. पीकविमा मात्र बघतो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने वेग किती नोंदला ते. केंद्र कुठे, बाग कुठे! ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर नदीचं पाणी चाळीसगावात शिरलं, त्यालाही नाव नव्हतं. यावर फॉरवर्ड येत नाही. गुलाबावर येतं.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. चुलतभावाचं उत्तर: ‘तू तिकडे एसीत बसून भाषण देऊ राहिला.’

बेरिलनंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, एसी कुठला, हे मी लिहिणार होतो. पण तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी विचारपूस केली होती, काकूंनी तर रात्री जागून फोन लावला, कारण बेरिल टीव्हीवर होती. त्याची बाग गेली तेव्हा माझ्या फोनवर काहीच वाजलं नाही. मला कळलं ते आईकडून, दुसऱ्याच विषयावर बोलताना. आता रावेरचं हवामान मी फोनवर ह्यूस्टनच्या वर लावून ठेवलंय. त्यात बहुतेक वेळा ‘अंशतः ढगाळ’ एवढंच असतं, आणि त्यावर मी चुलतभावाला काय विचारणार?