जायफळासाठी न्यूयॉर्क दिलं? स्टायव्हेसंटच्या नावावर खपवली जाणारी गोष्ट

दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरत येते. मजकूर साधारण असा: १६६७ साली डचांनी मॅनहॅटन इंग्रजांना देऊन टाकलं आणि बदल्यात इंडोनेशियातलं रन नावाचं जायफळाचं चिमुकलं बेट घेतलं. इतिहासातला सगळ्यात मूर्ख सौदा, आणि तो करणारा कोण, तर लाकडी पायाचा डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट. सोबत गगनचुंबी इमारतींचा फोटो असतोच.

साल बरोबर आहे. लाकडी पायही खरा आहे. आता बाकीचं बघू.

‘स्टायव्हेसंटने सौदा केला.’ साफ चूक. इंग्रज-डच युद्ध संपवणारा ब्रेडाचा तह झाला ३१ जुलै १६६७ ला, आणि स्टायव्हेसंटच्या हातून मॅनहॅटनवरचं शहर गेलं सप्टेंबर १६६४ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आधी. तेही त्याने दिलं नाही, त्याला द्यावं लागलं.

हा डच वेस्ट इंडिया कंपनीचा नोकर. क्युरासाओ बेटाचा कारभार बघत असताना १६४४ मध्ये स्पॅनिशांच्या ताब्यातल्या सेंट मार्टिनवर चालून गेला आणि तोफगोळ्याने उजवा पाय गमावून बसला. १६४७ मध्ये कंपनीने त्याला न्यू अ‍ॅमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला पाठवलं. तिथे त्याने सतरा वर्षं कारभार केला. कामाचा माणूस होता, यात शंका नाही. शहराच्या उत्तरेची तटभिंत त्याच्याच काळात उभी राहिली, १६५५ मध्ये शेजारची स्वीडिश वसाहत त्याने जिंकून घेतली. पण लोकांशी त्याचं कधी जमलं नाही. १६५४ मध्ये ब्राझीलहून ज्यू निर्वासित आले, तेव्हा त्यांना हाकलून देऊ द्या म्हणून त्याने कंपनीला लिहिलं. कंपनीने नकार दिला, कारण तिच्या भागधारकांत ज्यू व्यापारीही होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आसरा द्यायलाही त्याने बंदी घातली. त्याविरुद्ध जवळच्या फ्लशिंग गावच्या रहिवाशांनी १६५७ मध्ये निवेदन दिलं, तर त्यातल्या काहींना थेट अटक!

अशा माणसासाठी मरायला कोण उभं राहणार? मार्च १६६४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हा सगळा मुलूख परस्पर आपल्या भावाला, यॉर्कच्या ड्यूकला, बहाल केला. (याच राजाने हुंड्यात मिळालेली मुंबई १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. बेटं अशी इकडची तिकडे करणं त्या काळी नवलाचं नव्हतं.) ऑगस्टमध्ये रिचर्ड निकोल्स चार जहाजं घेऊन बंदरासमोर आला. किल्ल्यात दारूगोळा तुटपुंजा, सैनिक मोजकेच. निकोल्सच्या अटी सौम्य होत्या, पण त्या कळवणारं पत्र स्टायव्हेसंटने फाडून टाकलं. लोकांनी तुकडे जुळवायला लावून ते वाचलं. मग शहरातल्या ९३ जणांनी शरण जाण्याची विनंती करणारा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्यावर त्याच्या स्वतःच्या मुलाची, बाल्थाझारची, सही होती. याला ‘सौदा’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा डोळ्यांपुढे आणावा.

पुढे कंपनीने त्याला हॉलंडला बोलावून जाब विचारला. तुम्ही कुमक पाठवली नाहीत, हे त्याचं उत्तर. मला ते पटतं. नंतर तो मॅनहॅटनलाच परतला आणि १६७२ मध्ये इंग्रजी अमलाखाली आपल्या शेतावर वारला.

‘मॅनहॅटन दिलं, रन घेतलं.’ तहात अशी अदलाबदल झालीच नाही. २० मे १६६७ ला जे ज्याच्या ताब्यात, ते त्याचं, असं ठरलं. मॅनहॅटन इंग्रजांकडे होतं, रन डचांकडे. आणि दक्षिण अमेरिकेतलं सुरिनामही डचांकडे होतं, कारण अब्राहम क्रायन्सनने फेब्रुवारीत ते इंग्रजांकडून जिंकलं होतं. व्हायरल गोष्टीतून सुरिनाम हमखास गायब असतं, आणि साखरेचे मळे तर तिथे होते. शिवाय मॅनहॅटन वेस्ट इंडिया कंपनीचं आणि रन डच ईस्ट इंडिया कंपनीचं. दोन्ही डच खऱ्या, पण गल्ले वेगळे.

‘एका बेटासाठी एवढं केलं.’ रन ज्या बांदा बेटांपैकी एक, तिथली जायफळाची मक्तेदारी डचांनी त्याआधीच मिळवली होती, आणि तिची किंमत मॅनहॅटनने मोजली नव्हती. यान पीटर्सझोन कून या गव्हर्नर-जनरलने १६२१ मध्ये बांदावर स्वारी केली. ४४ प्रमुखांची मुंडकी उडवण्यात आली. बेटांवर सुमारे १५,००० लोक होते असा अंदाज आहे, त्यातले जेमतेम हजारभर तिथे उरले. उरलेल्या बागा गुलामांकडून राबवून घेतल्या. रनवर १६१६ पासून इंग्रजांचा दावा होता. त्यांना हुसकावल्यावर त्यांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून डचांनी तिथली जायफळाची झाडंच तोडली. म्हणजे ब्रेडामध्ये डचांना मिळाली ती बाग नव्हे, इंग्रजांच्या दाव्यापासून सुटका. गमतीदार पोस्टमध्ये बांदाचे लोक कधी येत नाहीत, हे मला सगळ्यात खटकतं.

‘२४ डॉलरला घेतलेलं बेट फुकट घालवलं.’ ही १६२६ मध्ये डचांनी मॅनहॅटन ६० गिल्डरला (गिल्डर म्हणजे डच चलन) विकत घेतल्याची वेगळी गोष्ट आहे. इथे तिचं काम नाही.

‘मूर्खपणा.’ १६६४ चं न्यू अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे दीड हजार वस्तीचं, बीव्हरच्या कातड्यांवर चालणारं गाव. आणि डच खरोखर जायफळाला भुलून ते सोडून गेले असते, तर १६७३ चं काय करायचं? त्या वर्षी डच आरमाराने न्यूयॉर्क पुन्हा जिंकलं, त्याला न्यू ऑरेंज नाव दिलं, आणि वर्षभराने १६७४ च्या वेस्टमिन्स्टर तहात ते परत केलं. तेव्हा रनचा प्रश्न निकालात निघून सात वर्षं झाली होती. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि डचांना इंग्रज त्यातून बाहेर हवे होते.