चाळीस खोके आणि आप्पांचं म्हणणं

मोबाईलच्या पाठीला चिकटवायची गोल पकड तुम्ही पाहिली असेल. दाबली की चपटी होते, ओढली की घडी उलगडून वर येते आणि दोन बोटांत बसते. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये माझ्या चुलतभावाच्या दुकानाबाहेर तिचे झुपके टांगलेले असतात. इथे न्यू जर्सीत मी एका आयातदाराकडे कस्टम्सची कागदपत्रं बघतो. तसल्याच पकडींचे ४० खोके आमच्या गोदामात यायचे होते, ते आलेच नाहीत. पकडींवर कुणाचं चोरलेलं नाव नव्हतं, बिल खरं होतं, ड्युटी भरायला आम्ही तयार होतो. तरी बंदरावरून कागद आला: माल आत घेता येणार नाही, परत न्या, पुन्हा आणलात तर जप्त होऊ शकतो.

कारण २०१८ सालचं होतं. पॉपसॉकेट्स या अमेरिकन कंपनीनं इथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे पेटंटभंगाची तक्रार केली होती. चौकशीअंती आयोगानं सरसकट प्रवेशबंदी लावली. एरवी बंदी फक्त खटल्यातल्या प्रतिवादींच्या मालावर असते. सरसकट बंदी मात्र ज्याला खटला चालू होता हेही ठाऊक नाही त्यालाही बांधते. आमचा मालक त्यातलाच.

ही सगळी ताकद १९३० च्या टॅरिफ कायद्यातल्या कलम ३३७ ची. आयोग नुकसानभरपाईचा एक डॉलरही देत नाही. माल सीमेवर अडवणं आणि इथे आलेल्याची विक्री थांबवणं, एवढंच त्याच्या हातात आहे. तक्रारदाराला त्या पेटंटवर अमेरिकेत खरोखर धंदा उभा असल्याचं दाखवावं लागतं. निकाल साधारण दीड वर्षात लागतो, मग राष्ट्राध्यक्षांच्या फेरविचारासाठी ६० दिवस.

खोक्यांची गोष्ट मी घरच्या व्हिडिओ कॉलवर सांगितली आणि वाद पेटला. आप्पा म्हणाले, "आपल्या कस्टम्सनंबी असाच माल अडवायला पायजे. चिनी नकला आपोआप बंद होतील." चुलतभाऊ उसळला. "आप्पा, पेटंट म्हणजे मोठ्या कंपन्यांची दांडगाई. मी न्हावा शेवाला रोख ड्युटी भरतो, मंग मला कोण अडवणार?" दोघांवर माझा जीव आहे, पण दोघांचंही मला पटलं नाही.

आप्पांनी 'नक्कल' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरला. खोट्या नावाचा चार्जर अधिकाऱ्याला खोका उघडताच ओळखता येतो. पेटंट डोळ्यांना दिसत नाही. ते शब्दांत असतं. त्यातल्या दाव्याची एकेक ओळ घेऊन ती वस्तूला लागू पडते का, हे वकील आणि इंजिनिअर महिनोन्महिने भांडतात. कंटेनरांच्या रांगेत उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानं ते कसं ठरवायचं?

आपण हा प्रयोग करून पाहिला आहे. २००७ च्या नियमांनी भारतीय कस्टम्सला पेटंटच्या नावाखालीही माल अडवता येत होता. मदुराईच्या एका संशोधकाला दोन सिमच्या फोनसाठी २००८ मध्ये पेटंट मिळालं आणि त्या जोरावर आयात फोन अडवले जाऊ लागले. २०१२ मध्ये ते पेटंटच रद्द झालं. मधल्या काळात ज्यांचा माल अडकला त्यांचा हंगाम कोण परत देणार? २०१८ मध्ये सरकारनं त्या नियमांतून पेटंट वगळलं. मी ज्या बाजूला बसून हे काम करतो तिथून सांगतो, ते योग्यच केलं.

इथे अमेरिकेतही बंदीचा चटका सगळ्यांना सारखा बसत नाही. मासिमो या कंपनीच्या तक्रारीवरून डिसेंबर २०२३ मध्ये ॲपलच्या काही घड्याळांवर बंदी आली. ॲपलनं रक्तातला ऑक्सिजन मोजायची सोय काढून टाकली आणि जानेवारीपासून तशी घड्याळं विकायला ठेवली. त्याआधी २०१३ मध्ये सॅमसंगच्या तक्रारीवरून जुन्या आयफोनवर लागलेली बंदी ओबामा सरकारनं रद्दच केली होती. चाळीस खोकेवाल्याकडे ना इंजिनिअर, ना व्हाइट हाऊस.

भावाला मात्र मी निर्धास्त राहू देणार नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात आयातीचा हक्कही पेटंटधारकाचाच आहे. कस्टम्सनं सोडलं तरी कोर्टाचं दार उघडंच असतं. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये लावा या मोबाईल कंपनीला पेटंटभंगापोटी एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायचा आदेश दिला. पेटंट असल्याचं माहीत नव्हतं आणि माहीत असायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर भरपाई टळू शकते, पण विक्री थांबवायचा आदेश टळेलच असं नाही. शिवाय नोंदणीकृत डिझाइन अजूनही कस्टम्सच्या नियमांत आहे. म्हणजे कव्हरच्या आकारावरूनही खोका अडू शकतो.

आणि असले हक्क म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांची दांडगाई, हेही खरं नाही. आपल्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हाच भाऊ गावभर पेढे वाटत फिरला होता. तेही कस्टम्सच्या त्याच नियमांत बसतं.

"आते काय करानं भो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, स्वस्त भाव मिळाला की आधी विचार, हे कुणाच्या परवान्यानं बनवतोस? परवान्याची प्रत माग. भारतीय पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, रात्री दुकान बंद केल्यावर अर्धा तास दे. आणि ऑर्डरमध्येच लिहून घे की दावा आला तर खर्च कारखान्याचा.

परवा त्यानं ऑर्डरचा फोटो पाठवला. ब्लूटूथ इअरफोन, २,००० नग. खाली त्यानं ती अट पेननं लिहून वर शिक्का मारलाय. शेन्झेनहून दराचं उत्तर तासाभरात आलं, अटीचं चार दिवस झाले तरी नाही. आगाऊ रक्कम त्यानं अजून पाठवलेली नाही.