घाट नसलेल्या वाटेविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या वाटेवर मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधील कंबरलंडपर्यंतची ही २९७ किलोमीटरची वाट सपाट आणि म्हणून कंटाळवाणी आहे, तिला ‘वाहनमुक्त’ म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) हे कंपन्यांनी काढलेले नवे खूळ आहे, आणि ज्याने लहानपणी पुण्यात पाटाच्या कडेने सायकल हाणली, त्याला अमेरिकेतल्या पाटाचे कौतुक ऐकवण्यात काही अर्थ नाही. पुढच्या वर्षी आपण मुलाकडे व्हर्जिनियाला येणार आहात आणि अशा ठिकाणी एक दिवस घालवावा का, असेही आपण शेवटी विचारले आहे.

ही वाट सपाट आहे, यात वाद नाही, परंतु ती सपाट का आहे हे पाहिले तर कंटाळ्याचा मुद्दा थोडा वेगळा दिसतो. शंभर टनांहून अधिक कोळसा भरलेली नाव खेचरे काठावरून दोराने ओढत नेत आणि त्यांच्या चालण्यासाठी ही वाट बांधली गेली. कालव्यातले पाणी चढ चढत नाही, त्यामुळे दोन टोकांमधली सुमारे १८४ मीटरची चढण ७४ लॉकमध्ये वाटून टाकण्यात आली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला अरुंद दगडी हौद. त्यात पाणी भरले की नाव वर येते, सोडले की खाली जाते. सायकलस्वाराला हे सारे गणित पायांनी कळते. बराच वेळ सपाटीवर पायडल मारल्यानंतर झाडांतून लॉकरक्षकाचे छोटे घर दिसू लागते, त्याच्या शेजारी वाट जेमतेम अडीच मीटर उचलली जाते, आठ-दहा पायडलांत ती चढण संपते आणि पुन्हा पुढच्या लॉकपर्यंत सपाटी सुरू होते.

मात्र सपाट वाट सोपी असते, हे आपले गृहीतक मला मान्य नाही. घाटात चढताना दम निघतो, पण उतारावर पाय थांबतात, पाठ सरळ होते, सीटवरून उठता येते. इथे उतारच नाही, त्यामुळे फुकटचे एक मीटरही मिळत नाही आणि दिवसभर एकाच लयीत पायडल मारत राहावे लागते. दुपारनंतर तळहात बधिर होतात आणि सीट नको नको होते. घाटात मुरलेल्या सायकलस्वारांनाही ही वाट जड जाते, ती याच कारणाने. त्यातून पाऊस पडून गेला असेल, तर वाटेतली चिकणमाती आणि साइकमोरची मोठाली पाने टायर व मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसतात, की चाक फिरायचेच थांबते आणि काडीने माती खरवडून काढावी लागते.

आता ‘वाहनमुक्त’ या विशेषणाविषयी. ही वाट काही ठिकाणी रस्ता ओलांडते, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि जॉर्जटाउन ते ग्रेट फॉल्स या पहिल्या टप्प्यात शनिवार-रविवारी चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते, की ताशी २४ किलोमीटरची वेगमर्यादा गाठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु रस्ता ओलांडणे वेगळे आणि रस्त्यावरून जाणे वेगळे. मोटारींच्या सोबतीने चालावे लागत नाही, अशी २९७ किलोमीटरची अखंड पट्टी महानगराच्या पोटातून निघते, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही, आणि माझ्या लेखाचा खरा विषय तोच होता.

या कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले आणि त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वेचाही प्रारंभ झाला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली, कालवा १८५० मध्ये. म्हणजे पूर्ण होण्याआधीच तो शर्यत हरला होता आणि ओहायो नदीपर्यंत तर तो कधी गेलाच नाही. तरीही १९२४ च्या पुरापर्यंत त्यावरून कोळशाची वाहतूक चालू राहिली. १९३८ मध्ये सरकारने तो विकत घेतला आणि पुढे त्यावर मोटाररस्ता करण्याची योजना आली. वॉशिंग्टन पोस्टने त्या योजनेची बाजू उचलून धरली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आपल्याबरोबर ही संपूर्ण वाट पायी चालण्याचे आवाहन केले, आणि मार्च १९५४ मध्ये ते कंबरलंडहून खरोखरच चालत निघाले. योजना बारगळली, १९७१ मध्ये हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. (विद्यमान न्यायमूर्तीने वृत्तपत्राला असे आव्हान देऊन रस्त्यावर उतरावे, याची आज कल्पनाही करवत नाही.)

अशी पट्टी मधेच तुटली तर काय होते, तेही याच वाटेवर दिसले आहे. बिग स्लॅकवॉटर नावाच्या जागी कालवा नव्हताच; धरणामुळे संथ झालेल्या नदीच्या पात्रातूनच नावा जात आणि खेचरांची वाट कड्याला लगटून काढलेली होती. पुरांनी ती तोडली आणि अवघ्या ४ किलोमीटरच्या त्या खंडासाठी सायकलस्वारांना वर्षानुवर्षे वळणावळणाच्या अरुंद गाडीरस्त्यावरून जावे लागले. २०१२ मध्ये तो तुकडा पुन्हा बांधला गेला, तेव्हा कुठे मुलांना घेऊन संपूर्ण प्रवासाचा बेत करणे शक्य झाले.

ग्रॅव्हल बाइकबद्दल फार लिहीत नाही. जाहिरातबाजी पुष्कळ आहे, हे मान्यच आहे. या वाटेला ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर, मडगार्डमध्ये पुरेशी जागा आणि एक घंटी एवढेच लागते. ते साध्या हायब्रिड सायकलवरही मिळते, आणि लेखातही मी नवी सायकल घ्या असे म्हटलेले नाही.

पुण्याच्या पाटाची आठवण आपण काढलीत, ती मला महत्त्वाची वाटते. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या काठचा रस्ता पाहणी आणि देखभालीसाठी ठेवलेला आहे. पाटाला नावा न्यायच्या नसतात, म्हणून तिथे लॉकही नाहीत. पाणी शेतापर्यंत आपल्या उताराने जावे इतकाच हलका ढाळ देऊन त्याची आखणी होते. म्हणजे सायकलसाठी तो काठ या वाटेपेक्षा कणभरही कमी सोयीचा नाही. फरक पडतो तो मालकी आणि हेतू यांमुळे. त्या काठाचे काही तुकडे आज दुचाकींचा जवळचा रस्ता झाले आहेत, काहींवर अतिक्रमणे आहेत, आणि पाटावरच्या एखाद्या पुलापाशी काठ नेमका कोणाच्या हद्दीत येतो, हेच कळेनासे होते. इकडे मात्र एकच यंत्रणा संपूर्ण लांबी सांभाळते. ठरावीक अंतरावर सायकलस्वारांसाठी विनामूल्य मुक्कामाच्या जागा आहेत. तिथे हातपंप, शौचालय आणि शेकोटीची जागा असते. आपल्याकडच्या काठाचा एखादा दहा किलोमीटरचा सलग तुकडा जरी याच रीतीने मोकळा झाला, तरी त्यावर लेख लिहायला मला जास्त आनंद होईल. परदेशाचे कौतुक हा माझा हेतू नाही. तुलना करायची तर ती व्यवस्थेची व्हावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

राहिला आपल्या एका दिवसाचा प्रश्न. हार्पर्स फेरी या गावासमोरच्या मेरीलँडच्या काठावरून निघून नदीच्या उगमाच्या दिशेने अँटिटम क्रीक या ओढ्यावरून कालवा नेणाऱ्या दगडी जलसेतूपर्यंत जावे आणि परत यावे, असे मी सुचवीन. अंतर जाऊन-येऊन साधारण २८ किलोमीटर होते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बहुतांशी कोरडा पडून झाडांनी भरलेला कालवा, आणि जिथे पाणी साचले आहे तिथे ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवे. सप्टेंबरमध्ये आलात, तर झाडीत पॉपॉची फळे पिकलेली असतात. हे झाड आपल्या सीताफळाच्याच कुळातले आहे आणि गराची चव केळे व आंबा यांच्या मधली कुठलीतरी लागते.

आणि चढ हवाच असेल, तर कंबरलंडला जावे. तिथे कालव्याची वाट संपते आणि ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज ही जुन्या रेल्वेमार्गावरची, पिट्सबर्गपर्यंत जाणारी सुमारे २४० किलोमीटरची वाट सुरू होते. कंबरलंडपासून पूर्वेकडील जलविभाजक रेषेपर्यंत सुमारे ३८ किलोमीटरांत ती ५०० मीटरहून अधिक चढते. कोळशाच्या गाड्यांसाठी केलेला उतार असल्याने तो दोन टक्क्यांच्या आतच राहतो, पण मधे कुठेही सुटत नाही. वाटेत एक किलोमीटरभर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. तो हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा बेत एप्रिलच्या मध्यानंतरचा ठेवावा. परतीचे ३८ किलोमीटर जवळजवळ पायडल न मारता उतरता येतात.